घराचा ताळेबंद

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपल्या वाचकांना नवे नाही. नगर तालुक्यातील हे पर्जन्यछायेतील गाव. पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात येथील अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली होती. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले, डोंगरउतारावर चर खणले गेले, नाल्यांना बांध पडले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. विहिरींना पाणी आले आणि गेलेली माणसे परत येऊ लागली. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो.

पण या गावाची जी गोष्ट विज्ञानाच्या तासाला आवर्जून सांगावी ती वेगळीच आहे. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजायचे. माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढायचे, पुढच्या काळासाठी जमिनीत काही राखून ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. उसासारख्या तहानलेल्या पिकाला या हिशेबात जागाच नसते. एखादे पीक मुळात चांगले की वाईट, असा प्रश्न येथे येत नाही. ते आपल्या पाण्यात बसते का, एवढेच पाहिले जाते.

पाणी आले, दूध वाढले, चार पैसे हाती आले की माणूस घर बांधायला काढतो. घरकुल योजनांमुळेही खेड्यापाड्यांतून हजारो नवी घरे उभी राहत आहेत. अशा वेळी ‘पर्यावरणाला पूरक घर कोणते?’ हा प्रश्न पालक शिक्षकांनाच विचारतात. कोणी म्हणते मातीचे, कोणी म्हणते राखेच्या विटांचे, कोणी म्हणते छतावर सौर पॅनेल बसवले की झाले. आमच्या मते या प्रश्नालाही पिकाच्या प्रश्नासारखेच उत्तर आहे. कोणतेही साहित्य जात्याच चांगले किंवा वाईट नसते. आधी ताळेबंद मांडायचा, मग निवड करायची. हिवरे बाजारसारख्या गावात ५० चौरस मीटरचे (सुमारे साडेपाचशे चौरस फुटांचे) एक घर बांधायचे आहे असे समजून आपण तो कागदावर मांडून पाहू.

पहिला रकाना : घडणीचा खर्च

प्रत्येक वस्तू तयार होताना ऊर्जा खर्च होते. वीट भट्टीत भाजावी लागते, सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते, लोखंड वितळवावे लागते. या ऊर्जेला आपण ‘घडण-ऊर्जा’ म्हणू. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये आपल्या देशातील बांधकाम साहित्याची अशी मोजदाद प्रसिद्ध केली. तिच्यानुसार एक किलो पोलादामागे सुमारे ४२ मेगाज्यूल, एक किलो सिमेंटमागे सुमारे ६ मेगाज्यूल आणि एका भाजलेल्या विटेमागे सव्वाचार मेगाज्यूल ऊर्जा लागते. सिमेंटच्या नव्या भट्ट्यांत हा आकडा आता कमी झाला आहे, पण क्रम तोच आहे.

मेगाज्यूल हा शब्द मुलांना परका वाटेल. घरात येणाऱ्या विजेचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, हे सांगितले की चित्र स्पष्ट होते. एक वीट म्हणजे एका युनिटाहून अधिक ऊर्जा! आपल्या घराला १० हजार विटा लागल्या तर ४२,५०० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ११,८०० युनिटांएवढी ऊर्जा भिंतींतच गेली. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ही जवळजवळ दहा वर्षांची वीज झाली. (भट्टीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपात असते, वीज नव्हे, हा फरक वरच्या वर्गात जरूर सांगावा.)

विटेचा आणखी एक खर्च आहे. तीन किलोची एक याप्रमाणे १० हजार विटांना ३० टन माती लागते. ही माती साधारणपणे शेतातून येते. एक गुंठा जमिनीवरची वीतभर माती काढली की एवढी भरते. ज्या गावाने माती वाहून जाऊ नये म्हणून डोंगरावर चर खणले, त्या गावाने तीच माती भट्टीला द्यावी का? हा प्रश्न ताळेबंदातच उपस्थित होतो.

याला पर्याय काय? नगरच्या पठाराखाली सर्वत्र बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड आहे. जवळच्या खाणीतून काढून छिन्नीने घडवलेल्या दगडाला भट्टी लागत नाही. दुसरा पर्याय दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांचा. मातीत शेकडा सहा ते आठ भाग सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबायचे आणि काही दिवस ओले ठेवायचे; भाजायचे नाही. त्याच अभ्यासानुसार एक घनमीटर वीटकामाला सुमारे २,१४० मेगाज्यूल लागतात, तर सहा टक्के सिमेंटच्या ठोकळ्यांच्या बांधकामाला ६५० च्या आसपास, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. ठोकळ्यांनाही माती लागतेच, पण ती वरची सुपीक माती असून चालत नाही. तिच्यातील पालापाचोळ्याचा अंश ठोकळ्याला कमजोर करतो. पाया, विहीर किंवा शोषखड्डा खणताना निघणारी खालची मुरमाड माती येथे कामी येते.

मात्र काळी कपाशीची माती या कामाला नको. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. आपल्या गावची माती कशी आहे हे मुलांना सहज पाहता येईल. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, बरणी पाण्याने भरून चिमूटभर मीठ टाकावे, जोराने हलवून एक दिवस स्थिर ठेवावी. तळाला खडा व वाळू, वर पोयटा आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतील. ठोकळ्यांना वाळूचा भाग अधिक आणि चिकणमातीचा थोडा असलेली माती हवी.

वाहतुकीचे काय? ‘जवळचे ते चांगले’ असे आपण सहज म्हणतो; तेही मोजून पाहू. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या विटा किंवा दूरच्या भट्टीवरच्या लाल विटा १५० किलोमीटरवरून आणायच्या आहेत. दहा टनांचा ट्रक भरलेला असताना लिटरला ४ किलोमीटर आणि परतताना ६ किलोमीटर चालतो असे धरू. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात. जाऊन-येऊन झाले २,२५० मेगाज्यूल. या ट्रकमध्ये ३,३०० विटा मावतात आणि त्या भाजायला १४ हजार मेगाज्यूल लागले होते. म्हणजे लाल विटेच्या बाबतीत वाहतूक हा सहाव्या हिश्शाचा खर्च; मुख्य खर्च भट्टीचा. याउलट दगडाच्या बाबतीत वाहतूक हाच जवळजवळ सगळा खर्च. तेव्हा दगड जवळचाच हवा. वीट मात्र जवळची असली तरी जपूनच वापरायला हवी.

दुसरा रकाना : रोजचा खर्च

घर एकदाच बांधतात, पण त्यात पन्नास वर्षे राहतात. उन्हाळ्यात खोली तापली आणि पुढे कधी तेथे वातानुकूलन यंत्र बसले, तर तासाला एक युनिट, दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीन महिने एवढा माफक वापर धरला तरी वर्षाची ७०० हून अधिक युनिटे होतात. सतरा वर्षांत ती भिंतींतील सगळ्या विटांच्या ऊर्जेला गाठतात. म्हणून पहिल्या रकान्यापेक्षा या दुसऱ्या रकान्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

घर तापते कोठून? १९ अंश अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. हाच शून्य सावलीचा दिवस. एप्रिल-मेमध्ये घरावर पडणारे बहुतेक ऊन भिंतींवर नसून छतावर असते. दुपारी दर चौरस मीटरला ९०० वॅट धरले तर ५० चौरस मीटर छतावर ४५ हजार वॅट पडतात. हजार वॅटच्या ४५ इस्त्र्या एकाच वेळी छतावर ठेवाव्यात तसे हे आहे. यातील किती आत येतात आणि केव्हा, हे छत कशाचे आहे यावर ठरते.

पत्र्याची घडण-ऊर्जा स्लॅबपेक्षा कमी असते, कारण तो अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. पण तो काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता प्रारणाने थेट खालच्या माणसावर फेकतो. सुमारे ११ सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून उष्णतेची लाट आरपार जायला साधारण तीन तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी पाचला आत पोहोचते आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत ते सोडत राहतो. रात्री स्लॅबच्या घरात झोप येत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, तिचे कारण हेच. ४५ सेंटिमीटरच्या दगडी भिंतीतून हीच लाट जायला अकरा-बारा तास लागतात. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, बाहेर गारवा आलेला असतो आणि खिडक्या उघडल्या की उष्णता निघून जाते.

येथे एक अट आहे, तीही सांगायला हवी. जाड भिंतीचा हा गुण दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तेथेच उपयोगी पडतो. नगरच्या पठारावर एप्रिलमध्ये दुपारी ३९-४० अंश तर पहाटे २१-२२ अंश असतात. कोकणात दमट हवेमुळे हा फरक फार कमी. तेथे जाड भिंतीला गार व्हायला रात्रच पुरत नाही. त्यामुळे तेथे उतरते कौलारू छप्पर आणि वारा खेळणारी पडवी योग्य. आपल्या पठारावर पाऊस कमी आणि रात्री थंड, म्हणून पूर्वी धाब्याची घरे होती: तुळयांवर काटक्या-पाल्याचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पूर्वजांनी उष्णतावहनाची समीकरणे सोडवली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ती घरे घडली.

आता आपल्या घराच्या छताचे काय करावे? सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग पडलेल्या उन्हातील सुमारे साठ टक्के ऊर्जा शोषतो, तर ताजा पांढरा चुना तीस टक्क्यांच्या आसपास. आपल्या ४५ इस्त्र्यांपैकी २७ च्या जागी १४ उरतात! मात्र धूळ आणि पावसाने चुना मळतो. दर उन्हाळ्यापूर्वी हात मारावा लागतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर गळती आणि उष्णता दोन्ही कमी होतात. नव्या स्लॅबमध्ये आणखी एक युक्ती करता येते. स्लॅब वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण सळया घेतात. तेथले काँक्रीट फारसा भार पेलत नाही. म्हणून सळयांच्या मधल्या जागी खालच्या बाजूला मंगलोरी कौले बसवून काँक्रीट वाचवतात. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. सिमेंट वाचते आणि कौलांमधील हवेमुळे उष्णताही थोडी अडते. मात्र हे काम जाणकार अभियंत्याच्या आराखड्याशिवाय करू नये.

खिडकीचा हिशेब तर नववी-दहावीच्या भूमितीत बसतो. दक्षिणेच्या १२० सेंटिमीटर उंच खिडकीवर ४५ सेंटिमीटरचा छज्जा आहे. मार्च-सप्टेंबरच्या संपाताला दुपारी सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो. छज्ज्याची सावली सुमारे १३० सेंटिमीटर खाली येते, सगळी खिडकी झाकली जाते. २२ डिसेंबरला सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवरच चढतो. सावली ४९ सेंटिमीटर आणि उरलेल्या खिडकीतून थंडीतले हवेसे ऊन आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे असल्याने छज्ज्याला जुमानत नाही. त्या बाजूला लहान खिडकी ठेवावी किंवा झाड लावावे.

तिसरा रकाना : सुरक्षितता

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग जुनी दगड-मातीची घरेच पुन्हा बांधावीत. येथे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. बहुतेक मृत्यू घराखाली दबून झाले. भिंती जाड होत्या, पण प्रत्यक्षात त्या दोन सुट्या भिंती होत्या. आत आणि बाहेर दगडांची रांग, मध्ये खडे-मातीची भर आणि दोन्ही बाजूंना बांधून धरणारे आरपार दगड नाहीत. वर पाऊस रोखण्यासाठी वर्षानुवर्षे वाढवत नेलेला मातीचा कित्येक टनांचा थर. जो थर उन्हाळ्यात घर थंड ठेवत होता, तोच घातक ठरला.

यातून ‘दगड-माती वाईट, सिमेंट चांगले’ असा धडा घेतला गेला आणि तो अपुरा आहे. निकृष्ट काँक्रीटही कोसळते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांचे पक्के सांधे, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताच्या पातळीवर घराला कंबरपट्ट्यासारखा बांधून ठेवणारा सळईचा काँक्रीट पट्टा आणि हलके छत, एवढे असेल तर दगडाचे किंवा मातीच्या ठोकळ्यांचे घर बरेच सुरक्षित होते. पोलाद महाग आहे, रुपयांतही आणि घडण-ऊर्जेतही. म्हणूनच ते जेथे जीव वाचवते तेथे घालावे आणि केवळ शोभेसाठी वाया घालवू नये. या रकान्यात तडजोड नाही. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, तसे हे.

चौथा रकाना : घराची स्वतःची मिळकत

खर्च झाला, आता जमा पाहू. ५० चौरस मीटर छतावर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २० हजार लिटर. त्यातील ८० टक्के गोळा झाले तरी १६ हजार लिटर. पाच माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला ४० लिटर लागतात. म्हणजे ४०० दिवसांची सोय झाली! दुष्काळी वर्षात पाऊस निम्मा झाला तरी साडेसहा महिने निघतात. अर्थात तेवढी मोठी बंद टाकी हवी, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायला हवे आणि पिण्यापूर्वी पाणी शुद्ध करायला हवे.

विजेसाठी छतावर एक किलोवॅटची सौर पॅनेले बसवली तर दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. ती पुरतील का? सहा जुने ६० वॅटचे दिवे पाच तास, ७५ वॅटचे तीन पंखे बारा तास, दूरदर्शन संच आणि शीतकपाट मिळून पावणेसहा युनिटे होतात, पुरत नाहीत. तेच ९ वॅटचे एलईडी दिवे आणि ३० वॅटचे नवे पंखे लावले तर दिवसाचा वापर सुमारे २.६ युनिटांवर येतो आणि वीज उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा पॅनेलांना अनुदान आहे. पण पॅनेल निवडण्याआधी दिवे-पंखे बदलावेत, ताळेबंद तेच सांगतो.

पाणी तापवण्यासाठी विजेपेक्षा सौर उष्णजल यंत्र बरे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिटे लागतात; वरच्या पॅनेलांची जवळजवळ सगळी कमाई त्यातच जाईल.

आणि गोबरगॅस? दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. पाच माणसांच्या स्वयंपाकाचे त्यात भागते. पण शेणाइतकेच पाणीही लागते, रोज ५० लिटर. आपल्या कुटुंबाच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा हे अधिक आहे! तेव्हा यासाठी गोठा धुतलेले पाणी वापरावे आणि निघणारी मळी शेतात द्यावी, म्हणजे पाणी आणि खत दोन्ही जमिनीला परत मिळतात. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत किंवा हे पाणी नाही, त्यांच्या ताळेबंदात गोबरगॅस बसत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

वर्गात काय करता येईल?

आठवी ते दहावीच्या मुलांना गटागटाने गावातील तीन घरे द्यावीत: एक पत्र्याचे, एक स्लॅबचे, एक जुने दगड-मातीचे. मार्च-एप्रिलमध्ये एकाच दिवशी सकाळी सात ते रात्री नऊ, दर दोन तासांनी आतले आणि सावलीतले बाहेरचे तापमान नोंदवून आलेख काढावा. सर्वाधिक तापमान कोणत्या घरात किती वाजता आले? बाहेरच्या तापमानापेक्षा ते किती तासांनी आले? उशीर म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची मग गरज राहणार नाही. गवंड्यांना आणि घरातील वृद्ध मंडळींना विचारून भिंतीची जाडी, साहित्य कोठून आले, छतावर काय आहे, आरपार दगड आहेत का, हेही लिहून घ्यावे.

त्यानंतर शाळेच्याच एका खोलीच्या छताला चुना द्यावा, शेजारच्या तशाच खोलीचे तसेच ठेवावे आणि दोन्हींची आठवडाभर तुलना करावी. आपल्या अनेक शाळांतील मुले पत्र्याखाली नाहीतर उघड्या स्लॅबखाली बसून एप्रिलमधील परीक्षा देतात. त्यांना दोन-तीन अंशांचा दिलासा मिळाला, तर ताळेबंदाचा पहिला लाभ मुलांच्याच पदरी पडेल. आणि हीच मुले उद्या स्वतःची घरे बांधतील, तेव्हा दुकानदाराला ‘सर्वांत चांगले कोणते?’ असे न विचारता आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतील, अशी आम्हाला आशा आहे.